डब्बा काढलेली गाडी

गॅरेजवर माणूस येतो घाईत आणि बसतो रिकामा. गाडी उघडून पडलेली असते, तिला टाकून घरी जाता येत नाही, मोबाईलची बॅटरी उतरलेली असते. मग तो बोलायला लागतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रोडवर सलीमभाईंच्या गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. त्या खिडकीतून तिकडे पार्ट जातात आणि इकडे किस्से येतात. पार्टचा स्टॉक तरी मी वर्षातून एकदा आवरतो. किस्से कधी आवरलेच नाहीत, ते साचतच गेले. त्यातल्या एकाच गाडीचे आज सांगतो.

गाडी विनोदची. विनोद आमच्या मालेगावचाच, कृषी केंद्र चालवतो. खत, बियाणं, फवारणीची औषधं. तिशी ओलांडली होती आणि लग्न जमत नव्हतं. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की जुन्या गाडीवर पोरगी पाहायला गेलं की लोक आधी गाडी पाहतात, मग पोराकडे पाहतच नाहीत. त्यानं मोठी गाडी घेतली. जाड टाकी, रुंद टायर, रस्त्यानं गेली की चहा पिणारे कप खाली ठेवून पाहायचे.

गाडीत एकच गोष्ट वाईट होती. इंजिनाच्या खाली, सायलेंसरच्या पाइपात एक डब्बा होता. धूर स्वच्छ करायला कंपनीनं बसवलेला. तो असा तापायचा की विनोदची उजवी पोटरी भाजून निघायची. त्यात मे महिना. वरून वाशीम जिल्ह्याचं ऊन आणि खालून डब्बा. त्यानं पोटरीला ओलं फडकं बांधून पाहिलं. शिरपूरला पोचेपर्यंत फडकं नुसतं वाळलं नव्हतं, त्याला इस्त्री झाली होती.

शेवटी त्यानं भाच्याचं क्रिकेटचं पॅड घेतलं आणि उजव्या पायाला बांधलं. त्याच अवतारात तो शिरपूरला पोरगी पाहायला गेला. दारात उतरून पॅड सोडायचं, असं ठरवलं होतं. पण पोरीचे मामा रस्त्यावरच उभे होते.

मामांनी गाडी पाहिली नाही, पोराचं तोंडही पाहिलं नाही. पायाकडे पाहून विचारलं, "दुसरा कुठी हाये?"

"काय दुसरा?"

"पॅड."

"त्या पायाले गरज नाई मामा," विनोद म्हणाला.

चहा-पोहे व्यवस्थित झाले. पुढे मध्यस्थाकडून निरोप आला. घर चांगलं आहे, पोरगा शांत आहे, निर्व्यसनी आहे. पण त्याच्या उजव्या पायात दोष आहे म्हणतात.

*

हा दोष घेऊन विनोद गॅरेजवर आला तेव्हा इंगोले सर तिथंच चहा पीत बसले होते. सर शाळेत विज्ञान शिकवतात. डब्बा काढून टाकायचा विषय निघाला आणि सरांनी कप बाजूला ठेवला.

"काढू नका," सर म्हणाले. "त्या डब्ब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. इंजिनात जे नीट जळलं नाही, त्यातून विषारी वायू निघतात. ही जाळी त्यांचं साध्या वायूत रूपांतर करते. ते करताना उष्णता निर्माण होते. म्हणून डब्बा तापतो. तापतो म्हणजे तो काम करतो आहे. आणि काढणं कायद्यानं गुन्हा आहे."

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला. सरांनी इतकं सोपं करून सांगितलं होतं की ते सगळ्यांना कळलं.

विनोदनं पॅन्ट वर केली आणि पोटरीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हंजे सर, हवा साफ राहावी म्हणून माही पोटरी भाजून राह्यली."

"शास्त्रीयदृष्ट्या बोलायचं तर, हो."

"मंग एक सांगा. हवा सगळ्यायची हाये, तं पोटरी एकट्याचीच काहून?"

सरांनी कप परत उचलला. चहा संपवला. उठता उठता म्हणाले, "हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

*

सलीमभाईंचा स्वभाव असा की ते साधं ऑइल बदलायचं असलं तरी मोठ्या डॉक्टरसारखे गंभीर होतात. डब्बा काढायचा दिवस त्यांनी ठरवून दिला. विनोद सकाळी गाडी घेऊन आला.

सलीमभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "आज सकाळपासून इले काही पाजलं का?"

"रात्री टाकी भरली. काहून?"

"उपाशीपोटी आनाले पाह्यजे होतं," सलीमभाई म्हणाले आणि टाकी उतरवायला घेतली. डब्बा काढायला टाकी उतरवावी लागत नाही, हे मला पार्ट विकून विकून माहीत आहे. पण त्यांच्या कामात कोणी बोलत नाही.

विनोदला त्यांनी बाहेर बसवलं. जवळच्या माणसानं पाहू नये म्हणून. तो सुमनकाकूंच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि दर थोड्या वेळानं माझ्या दुकानात येऊन खिडकीतून विचारायचा, "कुठपर्यंत आलं?" बोल्ट गंजले नव्हते तरी निघेनात, मग कटर लागला, ठिणग्या उडाल्या. दुपारी सलीमभाई हातात डब्बा घेऊन बाहेर आले. जेवणाच्या डब्याएवढं काळंनिळं लोखंड. विनोदनं तो हातात घेऊन उलटापालटा केला. त्याला विश्वासच बसेना की एवढ्याशा वस्तूनं त्याचं लग्न मोडलं.

डब्ब्याच्या जागी सरळ पाइप जोडला, गाडी चालू केली. आवाज असा निघाला की टपरीवरच्या कपबशा थरथरल्या. शिवाय मीटरवर इंजिनाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा लागला. तो काही केल्या विझेना.

"हे काय?" विनोद घाबरला.

"गाडी सांगून राह्यली का तिच्या अंगातून काहीतरी गेलं."

सलीमभाईंनी खिशातून काळी टेप काढली, तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला.

"झाला बरा?"

"बरा नाई झाला," सलीमभाई म्हणाले. "दिसनं बंद झालं."

*

पोटरी भाजायची कमी झाली, हे खरं. विनोद दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पॅन्ट वर करून पोटरी दाखवायचा. ते ऐकून ऐकून त्याच्या वडिलांच्या, म्हणजे बबनरावांच्या, मनात आलं की आपलाही पाय तापतो. बबनरावांची गाडी फार जुनी. शेतातून वैरणीचे भारे वाहून वाहून तिचा मूळ रंग घरच्यांनाही आठवत नव्हता. ते एक दिवस ती घेऊन गॅरेजवर आले.

"सलीम, माह्या गाडीचा बी डब्बा काढ."

"काका, तुमच्या गाडीले डब्बा नाई. ते जुन्या काळची हाये."

"पोराच्या गाडीले हाये आन बापाच्या गाडीले नाई?"

"नवीन गाड्यायलेच असते, काका."

"मंग माहा पाय कायनं तापते?"

सलीमभाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी नटबोल्ट मोजायला लागलो. त्यांनी समजावलं, खाली वाकून दाखवलं, बबनरावांना स्वतःला वाकून पाहायला लावलं. बबनराव म्हणाले, लपलेला असन. मग सलीमभाई गाडीखाली निजले, हातोडी घेतली आणि पाइपावर दोन-चार वेळा जोरात ठोकलं. कपडे झटकत बाहेर आले. "जा काका."

बबनराव वाशीमच्या दिशेनं लांब चक्कर मारून परत आले. गाडी स्टँडला लावली, उजवा हात पोटरीवरून फिरवला आणि समाधानानं म्हणाले, "लय फरक पडला."

जाताना आठवण झाली तसे परत फिरले. "काढेल डब्बा मले दे. घरी पोराले दाखवतो."

सलीमभाईंनी आत जाऊन एका स्कुटरचा फुटका एअर फिल्टर कागदात गुंडाळून दिला.

*

डब्बा गेल्यापासून विनोदच्या गाडीला एक सवय लागली. उतारावर रेस सोडली की मागून फाट-फाट असा बार निघायचा. सुरुवातीला त्याला लाज वाटायची. मग मेडशीचे शालिकराव दुकानात फवारणीचं औषध घ्यायला आले. त्यांची रस्त्याला लागून तूर होती, आणि तुरीत रोही शिरायचे. आमच्याकडं नीलगाईला रोही म्हणतात, आणि हे रोही म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. घोड्याएवढं जनावर, कुंपण असं ओलांडतं जसं आपण उंबरा. शालिकरावांनी बुजगावणं लावलं, डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या. रोही साड्या बाजूला सारून तूर खायचे.

विनोद त्या रस्त्यानं एकदा गेला आणि गाडीचा बार निघाला. शालिकरावांनी बांधावरून पाहिलं तर अख्खा कळप पलीकडच्या शिवारात पळत सुटला होता.

तेव्हापासून शालिकरावांचा फोन यायचा, "विनोदभाऊ, इकडून एक चक्कर मारून जाता काय?" मग त्यांच्या शेजाऱ्याचा, मग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा. संध्याकाळी दुकान भावाकडे देऊन विनोद मेडशीच्या शिवारात गाडी फिरवायचा. त्याला पहिल्यांदाच कोणीतरी मानानं बोलावत होतं. घरोघरी चहा व्हायचा. शालिकरावांकडे तर चिवडाही मिळायचा.

पण रोही हुशार. आवाज होतो, पुढं काही होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पहिले काही दिवस पळायचे, मग चालत जायचे, मग नुसती मान वर करून पाहायचे. एका संध्याकाळी एक मोठा काळा नर तुरीच्या मधोमध उभा होता. विनोद बांधापर्यंत गेला, रेस वाढवली, सोडली. बार निघाले. रोही शेंगा खात राहिला. विनोद आणखी जवळ गेला. पुन्हा बार. रोह्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि खात राहिला. शालिकराव मागं डोक्याला हात लावून उभे.

विनोदनं हार मानली आणि गाडी बंद केली.

एकदम शांतता झाली. आणि रोही असा दचकला, असा उधळला, की परत त्या तुरीत दिसला नाही.

*

शालिकरावांना वैशाली नावाची मुलगी होती. गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. विनोदसाठी चिवडा कोण करत होतं, हे विनोद सोडून सगळ्या मेडशीला समजलं होतं. तुरी निघाल्यावर रीतसर पाहण्याचा कार्यक्रम ठेवला. ह्या वेळी पॅड नव्हतं, बबनराव सोबत होते, इंगोले सर मध्यस्थ म्हणून. मलाही ओढून नेलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी मोठी माणसं म्हणाली, पोरीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. वैशालीनं विचारलं, "शिरपूरच्या लोकायनं सांगतलं का तुमच्या पायात दोष हाये. खरं हाये काय?"

विनोद उठला, उजवी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. पोह्यांच्या ताटाच्या बाजूला.

वैशाली खाली वाकली. पोटरी ह्या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली. एका जुन्या डागावर बोट दाबून विचारलं, "दुखते?"

"नाई."

तिनं बोट जरा खाली सरकवलं. "अथी?"

"थोडंसं."

ती सरळ झाली आणि वडिलांना म्हणाली, "दोष नाई बाबा. भाजेल हाये. मलम लावलं तं जाते."

बबनराव पुढं सरकून म्हणाले, "पोरी, माह्या बी पायाचं पाह्य जरासं."

सरांनी त्यांना खाली बसवलं. लग्न मात्र तिथंच ठरलं.

*

मधे एक थंडीतला किस्सा सांगायचा राहिला. सकाळी गॅरेज उघडलं तर विनोद आधीच दारात बसला होता. सलीमभाईंनी विचारलं काय झालं. तो हळूच म्हणाला, "भाई, डब्बा परत लावता येते काय?"

"काहून? पोलिसानं पकडलं?"

"नाई. पोटरीले थंडी वाजते."

सलीमभाईंनी शटरचं कुलूप हातातच ठेवलं. "एकाच पोटरीले?"

"वाजते तं दोन्हीले. पन उजवीले सवय नव्हती न."

डब्बा शोधला तर तो सुमनकाकूंच्या टपरीवर निघाला. ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून काकूंनी तो छतावर ठेवला होता. विनोदनं मागितला. काकू म्हणाल्या, "नेजो. पन आधी मले तेवढ्याच वजनाचं काही आनून दे. दगड ठेवला तं घसरते."

विनोद दोन दिवस तशी वस्तू शोधत फिरला. तेवढ्यात थंडी कमी झाली.

*

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी विनोद नवीन कपड्यात, गाडी धुवून, एकटाच पुढं निघाला. आम्ही सगळे मागून जीपमध्ये. रस्त्यात पोलिसांची तपासणी लागली. आवाज ऐकून त्याला लांबूनच थांबवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा हवालदार सायलेंसर वाजवून पाहत होते.

"हा आवाजाचा सायलेंसर चालत नाही. काढा."

विनोदनं सांगितलं, साहेब, आज साक्षगंध आहे. हवालदारांनी त्याचं अभिनंदन केलं आणि सायलेंसर काढून घेतला. पावती दिली, काम संपलं. विनोदनं गाडी चालू केली. आता मागं सायलेंसरच नव्हता. जो आवाज निघाला तो मी आयुष्यात मोटारसायकलचा ऐकलेला नाही. झाडावरचे बगळे उडाले. जीपमध्ये बसलेल्या बबनरावांनी खिडकीची काच वर केली.

हवालदारांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडून सांगितलं, "हळू जा, भाऊ. गाडी लय आवाज करून राह्यली."

*

आता मेडशीतलं सांगतो. शालिकरावांच्या घरी त्यांचे वडील होते, नामदेव आबाजी. वय झालेलं, ओसरीत खाटेवर बसून असायचे. त्यांचे कान गेले त्याला वर्षं लोटली होती. सुरुवातीला घरचे ओरडून बोलायचे. मग हातवारे करायचे. मग तेही सुटलं. ताट समोर ठेवलं की जेवायचे, ताट उचललं की हात धुवायचे. घरात जन्म झाले, मरणं झाली, भावाभावांत वाटण्या झाल्या, आबाजींना कोणी काही सांगितलं नाही. सांगून उपयोगच नव्हता. नातीचं लग्न ठरलं हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. वैशालीला त्याचंच वाईट वाटत होतं. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा माणूस, आणि आज त्याला काही सांगता येत नाही.

तर विनोद त्या गाडीवर गल्लीत शिरला. मांडवातले पाहुणे उठून उभे राहिले, बायकांनी लेकरं पोटाशी धरली, दोरीला बांधलेली म्हैस खुंटा उपटून गेली. शालिकराव संतापून बाहेर आले. चार पाहुण्यांत जावई असा येतो म्हणजे काय. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून खाटेवरून आवाज आला.

"कोन आलं?"

आबाजी विचारत होते.

शालिकराव जागच्या जागी थांबले. त्यांच्या बायकोच्या हातातलं ओवाळणीचं ताट कललं. वैशाली आतून धावत आली आणि आबाजींच्या पायाशी बसून रडायलाच लागली. शालिकरावांनी विनोदचे दोन्ही हात धरले. मग म्हणाले, "बंद नको करू. रेस दे."

विनोदनं रेस दिली. आबाजींनी मान हलवली. सगळ्या घराला आनंद आवरेना. शेजारच्या लोकांनी येऊन पाहिलं. मुहूर्त टळून गेला तरी विनोद अंगणात रेस देत होता आणि लोक आबाजींचं तोंड पाहत होते. गुरुजी एका कोपऱ्यात कानात कापूस घालून बसले होते.

लग्न झालं. पोलिसांचा धाक होताच, वैशालीनंही बजावलं, आणि विनोदनं कंपनीचा सगळा नवीन सेट बसवून घेतला. पाइप, सायलेंसर, डब्बा, सगळं. सलीमभाईंनी दिव्यावरची टेप काढली, दिवा विझलेला होता. गाडी आता अशी चालायची की मागून आली तर समजायचं नाही. पोटरी परत तापायची, पण घरात नर्स होती.

विनोदला एकच काळजी. पहिल्या दिवाळीला मेडशीला जायचं होतं. आबाजींना आता आपण आलेलं कळणार नाही. म्हाताऱ्याला आयुष्यात एकच आवाज ऐकू येत होता आणि तोही आपण काढून घेतला, असं त्याच्या मनानं घेतलं. गॅरेजवर येऊन तो सलीमभाईंना हे सांगत बसायचा. सलीमभाईंकडेही उपाय नव्हता.

वैशाली आदल्या दिवशीच गेली होती आणि ओसरीत बसून आईला नव्या डब्ब्याचं सांगून मोकळी झाली होती. दिवाळीच्या दिवशी विनोद एकटा निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा धीर सुटला. त्यानं गाडी बंद केली आणि ढकलत नेली. आबाजी ओसरीत खाटेवर होते, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. घरचे सगळे मागच्या अंगणात होते. विनोदनं गाडी हळूच भिंतीला टेकवली, चपला काढल्या, आणि पाया पडायला मागून जवळ गेला.

आबाजींनी डोळे उघडले नाहीत. मानही वळवली नाही.

"डब्बा लावला वाटते, जावईबापू," ते म्हणाले.